रोज एक की रविवारी एक: आमच्या मेडिकलमधल्या एका चुकीचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच दुकानातलं आहे. पेशंटची, गावाची, डॉक्टरांची ओळख लागू नये म्हणून काही तपशील गाळलेत, औषधांच्या ब्रँडची नावंही मुद्दाम लिहीत नाहीये, पण औषधं कोणती, डोस किती आणि आमच्याकडून काय झालं हे जसंच्या तसं आहे. पेशंटच्या घरच्यांना विचारून लिहितोय. त्या काकू म्हणाल्या, लिही, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाला येईल.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. बाजारपेठेत आमचं मेडिकल, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि मोठा भाऊ बघतो. मी डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) केलेला नोंदणीकृत फार्मासिस्ट, लायसन्सवर माझं नाव. दादा खरेदी, हिशोब, स्टॉकिस्टची म्हणजे घाऊक पुरवठादारांची देणी बघतो. काउंटरला एक पोरगा आहे, बारावी झालेला, ४ वर्षांपासून आमच्याकडे. कुठली गोळी कुठल्या खणात आहे हे डोळे झाकून सांगेल, इतका तयार, आणि खरं सांगायचं तर त्याच्या या तयारपणावरच आम्ही विसंबलो होतो.

गुरुवारी गावात आठवडी बाजार असतो. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचे लोक येतात, भाजीपाला, किराणा झाला की जाताना मेडिकलमध्ये थांबतात, त्यामुळे संध्याकाळी ६ ते ९ काउंटरवर पाय ठेवायला जागा नसते. कुणी चिठ्ठी घेऊन येतं, कुणी रिकामी स्ट्रिप दाखवतं, कुणी मोबाईलमधला फोटो.

पेशंट म्हणजे एक काकू, वय ६२, संधिवात. पुण्याच्या डॉक्टरांची ट्रीटमेंट, दर ३ महिन्यांनी तिकडे तपासणी, मधल्या काळातली औषधं आमच्याकडून. चिठ्ठीवर मुख्य दोन गोष्टी होत्या: मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एक गोळी, फक्त रविवारी. आणि फोलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, म्हणजे मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून दिलेली व्हिटॅमिनची गोळी, रविवार सोडून रोज एक.

ज्यांचा या औषधाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मेथोट्रेक्सेट हे मुळात कॅन्सरचं औषध, तिथे मोठ्या डोसमध्ये देतात. संधिवातात अगदी छोटा डोस असतो आणि तो आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायचा असतो. बाकी बहुतेक गोळ्या लोक रोज घेतात, सकाळ-संध्याकाळ घेतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा ही गोष्टच हाताला आणि डोक्याला अनोळखी असते. रोज घेतली गेली तर औषध अंगात साठतं, तोंड येतं, रक्तपेशी तयार होणं मंदावतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स पडतात. माणूस दगावू शकतो. ही चूक जगभर झालेली आहे, इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरला २००० साली असा एक पेशंट दगावला आणि त्याची रीतसर चौकशी होऊन अहवाल निघाला, युरोपच्या औषध नियामक संस्थेला २०१९ मध्ये पुन्हा सांगावं लागलं की पाकिटावर आठवड्यातून एकदा हे ठळक छापा आणि पेशंटला कार्ड द्या. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असणं आणि आपल्या दुकानात तशी सोय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला नंतर कळलं.

नेमकं काय झालं

गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास काकूंचा मुलगा आला. चिठ्ठी घरी होती, मोबाईलमध्ये फोटो होता, तोही जुना, घडी पडलेल्या कागदाचा. तो म्हणाला, "आईची ती बारीक पिवळी गोळी संपलीये, रोजची, एक स्ट्रिप द्या." रविवारची गोळी घरी शिल्लक होती, ती नको होती.

पोरग्याने फोटो मोठा करून बघितला. आमच्याकडच्या त्या दोन ब्रँडची नावं सारख्याच अक्षरांनी सुरू होतात, पहिला अर्धा भाग तर जवळपास तोच. फोटोत पुढचा भाग घडीत गेलेला. पोरगा रॅककडे वळला, आणि आमचा रॅक लावलेला होता इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने, ब्रँडच्या नावावरून, म्हणजे फोलिक अ‍ॅसिड आणि मेथोट्रेक्सेट एकाच खणात शेजारी शेजारी. दोन्ही गोळ्या पिवळ्या. दोन्ही १० च्या स्ट्रिपमध्ये. त्याने मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप काढली, कागदी पाकिटात घातली आणि पाकिटावर लिहिलं, "रोज १, जेवणानंतर". काकूंच्या मुलाने रोजची म्हटलंच होतं ना.

मी दुकानातच होतो. मागच्या बाजूला स्टॉकिस्टच्या माणसाशी एक्स्पायरीचा माल परत घेण्यावरून बोलत उभा होतो, काउंटरपासून दहा-बारा फुटांवर. फार्मसी अ‍ॅक्ट १९४८ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं आणि औषध नियमावलीतल्या नियम ६५ मध्येही फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली असंच म्हटलंय. मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत होतो की मी दुकानात आहे म्हणजे देखरेख आहे. त्या संध्याकाळी मी त्या स्ट्रिपकडे एकदाही बघितलं नाही, मग देखरेख कसली.

काकूंनी शुक्रवारी सकाळपासून नवीन स्ट्रिप सुरू केली. रविवारी शिस्तीत ती वगळली आणि जुन्या स्ट्रिपमधली रविवारची गोळी घेतली. सोमवारपासून पुन्हा रोज एक. त्या लिहिता-वाचता येणाऱ्या आहेत, पण मराठी, आणि स्ट्रिपवर सगळं बारीक इंग्रजीत. त्यांनी विश्वास ठेवला तो पाकिटावरच्या आमच्या मराठी अक्षरावर.

पुढच्या शनिवारी सकाळी त्यांची सून दुकानात आली.

पहिला निर्णय: तोंडाचं जेल द्यायचं की विचारायचं

सूनबाई म्हणाल्या, "भाऊ, सासूबाईंचं तोंड आलंय, दोन दिवस काही गिळता येत नाही, ते लावायचं जेल द्या आणि बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या."

दिवसातून चार-पाच वेळा असं कुणीतरी मागतं. जेल काढलं, काउंटरवर ठेवलंसुद्धा. मग बिल करायला काकूंचं नाव टाकलं आणि स्क्रीनवर जुनी बिलं दिसली. वर मेथोट्रेक्सेटची एक स्ट्रिप, तारीख मागच्या गुरुवारची. माझ्या डोक्यात आलं की ही तर त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच नेली होती, १० गोळ्या म्हणजे १० आठवडे, मग परत कशाला? आणि फोलिक अ‍ॅसिड कुठेय?

मी म्हटलं, "वहिनी, जेल राहू दे. घरी जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या पिशवीत घालून आत्ता घेऊन या. काकूंना सकाळची कुठलीच गोळी देऊ नका." फोनवर त्यांनी घरी तसं सांगितलं, आणि वीस मिनिटांत पिशवी घेऊन आल्या. नवीन स्ट्रिपमध्ये १० पैकी ३ शिल्लक. सात आमच्या पाकिटातल्या आणि एक रविवारची, म्हणजे ८ दिवसांत ८ गोळ्या, ६० मिलिग्रॅम. घ्यायला हवी होती एक.

बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही स्टॉक आणि जीएसटीसाठी घेतलं होतं. त्या दिवशी त्याच्या जुन्या बिलांनी काकूंना वाचवलं, पण ते निव्वळ योगायोगाने. सून दुसऱ्या मेडिकलमध्ये गेली असती, किंवा रोख देऊन नाव न सांगता जेल घेऊन गेली असती, तर उरलेल्या तीन गोळ्याही पोटात गेल्या असत्या. तोंड येणं हे मेथोट्रेक्सेट जास्त झाल्याचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं हे आम्ही फार्मसीत शिकतो, पण काउंटरवर तोंड आलं म्हटलं की हात सरळ जेलकडे जातो.

दुसरा निर्णय: काय सांगायचं आणि कुणाला

या ठिकाणी खरा पेच होता. सून समोर उभी, दादा गल्ल्यावर, पोरगा पांढराफटक पडलेला, कारण त्याला पाकिटावरचं स्वतःचं अक्षर ओळखू आलं होतं.

दादाने मला आत बोलावलं. त्याचं म्हणणं असं की आत्ता काही कबूल करू नकोस. स्ट्रिप ठेवून घे, बरोबर गोळी दे, औषधाची रिअ‍ॅक्शन दिसतेय, डॉक्टरांना दाखवा असं सांग आणि पाठव. लायसन्स जाईल, पोलीस केस होईल, गावात नाव जाईल, वडिलांनी ४० वर्षं जे उभं केलं ते एका स्ट्रिपने जाईल. मी त्याला वाईट म्हणत नाही. घर चालतं त्या दुकानावर, आणि त्याची भीती खोटी नव्हती.

दुसरा एक मधला मार्ग मला स्वतःला सुचत होता, तो जास्त धोक्याचा होता कारण तो बरा वाटत होता: डॉक्टरांना फोनवर खरं सांगायचं, घरच्यांना मात्र मोघम, "डोस थोडा वरखाली झालाय" असं.

तिसरा मार्ग, दोघांनाही सगळं सांगायचं, गोळ्यांच्या संख्येसकट.

विचार करायला दोन-तीन मिनिटं होती. मला एकच प्रश्न सुटेना की घरच्यांना खरं माहीत नसेल तर ते दवाखान्यात काय सांगतील? रात्रीच्या ड्युटीच्या डॉक्टरने विचारलं, आजी कुठली गोळी घेतात, तर ते म्हणणार वाताची, आठवड्यातून एक. मग तो तोंड आल्याची, तापाची ट्रीटमेंट करत बसणार. किती गोळ्या, किती दिवस, शेवटची कधी, या माहितीवर काकूंची पूर्ण ट्रीटमेंट ठरणार होती आणि ती माहिती फक्त आमच्याकडे होती.

बाहेर येऊन मी सूनबाईंना सांगितलं. "वहिनी, चूक आमच्याकडून झालीये. रोजच्या गोळीऐवजी रविवारची गोळी दिली गेली आणि वर रोज घ्या असं लिहिलं गेलं. काकूंनी आठ दिवसांत आठ घेतल्यात. हे गंभीर आहे, आत्ता दवाखान्यात न्यावं लागेल, मी सोबत येतो." त्या आधी गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "जगतील ना?" मी म्हटलं, वेळेवर कळलंय. याहून जास्त बोलायचा मला हक्क नव्हता.

दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात डबा घेऊन तोच गेला.

तिसरा निर्णय: कुठे न्यायचं, आणि फोलिक की फोलिनिक

पुण्याच्या डॉक्टरांचा फोन लागेना, ओपीडीची वेळ होती. वाट बघायची की गावातल्या फिजिशियनकडे जायचं? मी वाट बघितली नाही. गावातल्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं, त्यांनी लगेच रक्त काढून घेतलं, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या, आणि रिपोर्ट यायच्या आधीच जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं ठरवलं. तासाभराने पुण्याचा फोन आला, त्यांचंही तेच म्हणणं.

पांढऱ्या पेशी २,९०० निघाल्या, एरवी ४,००० च्या वर असतात. प्लेटलेट्स १ लाख १० हजार. क्रिएटिनिन १.४, म्हणजे किडनीही थोडी दमलेली, आणि हे औषध मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडतं. त्यात सूनबाईंकडून कळलं की गुडघे दुखतात म्हणून काकू मधूनमधून दुसऱ्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खायच्या. त्या गोळ्यांनी मेथोट्रेक्सेट बाहेर पडणं आणखी मंदावू शकतं. हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

काकूंच्या मुलाने मला गाडीत विचारलं, "फोलिक अ‍ॅसिड राहिलं म्हणून झालं ना, मग तेच चार-पाच गोळ्या देऊन टाका की." प्रश्न अगदी बरोबर होता म्हणून उत्तर लिहितो. मेथोट्रेक्सेट पेशीतल्या एका एन्झाइमला अडवून धरतं. फोलिक अ‍ॅसिडला कामाला यायचं तर त्याच एन्झाइममधून जावं लागतं, म्हणजे दारच बंद. फोलिनिक अ‍ॅसिड, ज्याला ल्युकोव्होरिन म्हणतात, ते या दाराच्या पलीकडचं रूप आहे, ते सरळ कामाला लागतं. म्हणून अशा वेळी ल्युकोव्होरिन देतात. नावात एका अक्षराचा फरक, आणि इथेही गडबड होऊ शकते, म्हणून मी हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये स्वतः उभा राहून वायल, म्हणजे इंजेक्शनच्या बाटल्या, वाचून घेतल्या. तिथे दोनच होत्या, बाकीच्या कॅन्सरची औषधं ठेवणाऱ्या एका स्टॉकिस्टकडून संध्याकाळपर्यंत मिळवल्या.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गोळी बंद केली तरी काउंट अजून खाली जाईल, घाबरू नका. तसंच झालं. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी १,७००, प्लेटलेट्स ६८ हजार, ताप. वेगळी खोली, सलाइन, अँटिबायोटिक, ल्युकोव्होरिन. ते दोन दिवस आम्ही कसे काढले ते सांगत नाही. पाचव्या दिवशी काउंट वळला. नवव्या दिवशी काकू घरी आल्या, तोंड भरून यायला आणखी आठवडा गेला.

हॉस्पिटलचा खर्च आम्ही दिला. त्यांनी मागितला नव्हता. तक्रार करायची तर करा, मी जबाब देईन, लागतील ते कागद देईन, असं मी काकूंच्या मुलाला स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी केली नाही, तो त्यांचा निर्णय, त्याचं श्रेय मी घेत नाही. मी मात्र घडलेलं सगळं लिहून भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाला कळवलं. औषधाचे दुष्परिणाम कळवायचा त्यांचा फॉर्म आहे, औषध देण्यातली चूकही त्यात लिहिता येते, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. माझ्या ओळखीच्या कितीतरी मेडिकलवाल्यांना आपणही हे कळवू शकतो हेच माहीत नव्हतं, डॉक्टरच कळवतात असा समज.

चूक कुठून कुठून आत आली

पहिली प्रतिक्रिया, दादाची आणि थोडी माझीही, पोरग्याला काढायचं अशी होती. तो स्वतःच म्हणाला, "सर, मी उद्यापासून येत नाही." मी त्याला थांबवलं, आणि दया म्हणून थांबवलं नाही. तो गेला असता तर त्याच्या जागी दुसरा आला असता, त्याच रॅकसमोर, त्याच गर्दीत, तशाच फोटोवरून औषध द्यायला, आणि त्याला तर या चुकीची आठवणही नसती.

आम्ही तिघं एका रविवारी दुकान बंद ठेवून बसलो आणि त्या गुरुवारची संध्याकाळ परत केली. म्हणजे अक्षरशः केली, दादा गिऱ्हाईक झाला, पोरगा काउंटरवर, मी मागे. तोच फोटो, तोच रॅक. आणि जे दिसलं ते असं की स्ट्रिप खणातून काकूंच्या तोंडात जाईपर्यंत तिला अडवणारं काहीच नव्हतं. नावं सारखी, ती कंपन्यांनी ठेवलेली, ते आमच्या हातात नाही. पण शेजारी शेजारी आम्ही ठेवली. चिठ्ठीचा फोटो अस्पष्ट, तरी चालवून घ्यायची सवय आमची. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असं २०१६ पासून नियमात आहे, त्या चिठ्ठीवर फक्त ब्रँड होता, पण शंका आली तर फोन करून विचारायचं काम आमचं, ते आम्ही केलं नाही. बिल करताना सॉफ्टवेअरने नाव दाखवलं, कुणी वाचलं नाही, कारण बारकोड मारला की नाव आपोआप येतं आणि हात पुढच्या गिऱ्हाइकाकडे. पाकिटावर लिहिताना स्ट्रिप समोर नव्हती, गिऱ्हाइकाचा शब्द समोर होता. आणि देताना कुणी विचारलं नाही की ही गोळी कशाची आहे माहीतेय ना.

पोरगा त्या दिवशी एक गोष्ट बोलला ती मी विसरणार नाही. म्हणाला, "मला आठवड्याची एकच गोळी असते हे माहीत होतं सर, पण ती ही आहे हे माहीत नव्हतं." चार वर्षांत मी त्याला खण शिकवले, औषधं शिकवली नाहीत.

काय बदललं

मेथोट्रेक्सेट रॅकवरून काढलं. माझ्या टेबलाच्या कुलपाच्या खणात, लाल डब्यात, डब्यावर मराठीत "आठवड्यातून एकदाच". चावी माझ्याकडे. मी नसेन तर ते मिळत नाही, गिऱ्हाईक चिडलं तरी नाही.

पाकिटावर "आठवड्याला १" असंही आता लिहीत नाही, वार लिहितो, पूर्ण शब्दात: "फक्त रविवारी". खाली "बाकी दिवशी नाही". आणि एका वेळी ४ आठवड्यांच्या चारच गोळ्या. इथे एक अडचण आली, स्ट्रिप कापली की नाव, बॅच, एक्स्पायरी एका तुकड्यावर राहते आणि दुसरा तुकडा मुका होतो, म्हणून नाव असलेली बाजू गिऱ्हाइकाला देतो आणि पाकिटावर औषधाचं नाव, एक्स्पायरी हाताने लिहितो. वेळ जातो. जाऊ दे.

देण्याआधी दुसऱ्या माणसाने स्ट्रिप आणि चिठ्ठी शेजारी धरून वाचायची, मोठ्याने. सगळ्या औषधांना हे गर्दीत जमत नाही, आधी तसं ठरवलं होतं, आठवडाभरात मोडलं. मग यादी छोटी केली: मेथोट्रेक्सेट, इन्शुलिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, आणि लहान मुलांचं कुठलंही औषध. एवढं टिकलं.

गिऱ्हाइकाला सांगायच्या ऐवजी आता विचारतो: "काकू, ही कधी घ्यायची, तुम्ही मला सांगा." सांगितलेलं लोक मान हलवून ऐकतात, विचारलं की खरं कळतं. एक आजोबा रक्तदाबाची गोळी डोकं दुखेल तेव्हाच घेत होते, दोन वर्षं, ते असंच कळलं.

आणि एक वही ठेवली. चूक होता होता राहिली की तिच्यात लिहायचं, तारीख, काय झालं, कशामुळे वाचलो. नाव लिहायचं नाही, कुणाला बोलायचं नाही. पहिला महिना वही कोरी राहिली. मग मी स्वतःची पहिली नोंद केली, ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळीत १ मिलिग्रॅमच्या जागी २ काढलं होतं, एकाच कंपनीच्या, एकसारख्या स्ट्रिप. त्यानंतर पोरग्याने लिहायला सुरुवात केली. फ्रिजचं तापमान रोज लिहायची सवयही त्या वहीतूनच लागली, कारण लाईट गेली होती त्या रात्रीनंतर इन्शुलिनचा फ्रिज सकाळी १३ अंशांवर होता, राहायला हवा २ ते ८ मध्ये, आणि ते बघितलं होतं फक्त पोरग्याने.

परत तसं झालं तर काय वेगळं करेन

सगळ्यात आधी, काकूंना पहिल्यांदा ही औषधं सुरू झाली त्या दिवशी दहा मिनिटं बसवून बोलेन. कुठली गोळी कुठल्या वारी, तोंड आलं, ताप आला, अंगावर निळे डाग उठले तर थांबायचं आणि फोन करायचा, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ही गोळी चालू आहे हे सांगायचं, कारण को-ट्रायमोक्साझोलसारखं साधं वाटणारं अँटिबायोटिकही यासोबत घातक ठरू शकतं. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ मध्ये पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच म्हटलंय. आता आम्ही मराठीत छापलेलं छोटं कार्ड देतो, पर्समध्ये मावेल असं. आधी दिलं असतं तर काकूंनीच दुसऱ्या दिवशी ओळखलं असतं.

शनिवारी सकाळी मी सूनबाईंना पिशवी आणायला घरी पाठवलं, त्यात वीस मिनिटं गेली, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. आणि पोरग्याशी मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं. मी दवाखान्यात अडकलो, तो दोन दिवस घरी एकटाच स्वतःला खात बसला, त्याची आई दुकानात येऊन रडली तेव्हा मला कळलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मी एकटा फार्मासिस्ट आहे, दुकान सकाळी ८ ते रात्री १० उघडं, आणि माणूस जेवायला जातो, आजारी पडतो, लग्नाला जातो. गुरुवारच्या संध्याकाळी आता एक निवृत्त फार्मासिस्ट काका येतात, ते पैसे दादानेच काढले. बाकी दिवशी मी बाहेर असेन तेव्हा चिठ्ठीचं औषध द्यायचं नाही, चिठ्ठी ठेवून घ्यायची आणि मी आल्यावर द्यायचं असं ठरवलंय. काही गिऱ्हाइकं त्यामुळे समोरच्या दुकानात गेली आणि परत आली नाहीत. मोबाईलच्या फोटोवर औषध देत नाही म्हणूनही काही गेली.

पोरग्याने यंदा डी.फार्मला अ‍ॅडमिशन घेतलंय, सकाळी कॉलेज, संध्याकाळी दुकान. काकूंची गोळी पुण्याच्या डॉक्टरांनी बदलली, मेथोट्रेक्सेट बंद आहे. औषधं अजून आमच्याकडूनच नेतात. पाकीट हातात दिलं की चष्मा लावून तिथेच उभ्या राहून वाचतात, स्ट्रिप बाहेर काढतात, पोरग्याला नाव वाचायला लावतात, मागे रांग थांबली तरी.